तुणतुण्याला नवा कान

पोवाडा रंगात आलेला आहे. शाहिराने डफावर थाप मारली, झीलकऱ्यांनी सूर उचलला, आणि या सगळ्या गलक्यात एक बारीकसा आवाज न थकता चालूच आहे. तो आहे तुणतुण्याचा. लाकडाचे एक नळकांडे, त्याच्या बुडाला ताणून बसवलेले कातडे, बाजूला ठोकलेली काठी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून काठीवरच्या खुंटीपर्यंत गेलेली एक तार. बस्स, एवढेच हे वाद्य! पण ते थांबले तर गाणाऱ्याला सूर सापडत नाही.

आमचा शिराळ्याचा परिसर शाहिरीचा आणि तमाशाचा. पठ्ठे बापूराव शेजारच्या वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातील वाटेगावचे. त्यामुळे गावोगावी एखादे तरी म्हातारे माणूस असे भेटते, की ज्याच्या घरात खुंटीला तुणतुणे टांगलेले असते.

आमच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या एका मुलीच्या घरीही असेच तुणतुणे होते. तिचे आबा तरुणपणी पोवाड्याच्या फडात ते वाजवीत. आता त्याचे कातडे फाटले होते. स्नेहसंमेलनात मुलींनी पोवाडा बसवला तेव्हा आबा म्हणाले, "म्या वाजवतो, पर वाद्य कुठनं आणायचं?" मुलीने मनावर घेतले. माळ्यावर चहाच्या जुन्या खोक्याचे प्लायवूड होते, त्याची तिने पेटी केली. सागवानी पट्टीचा दांडा केला, एक खुंटी बसवली, तार चढवली. वाद्य वाजू लागले. पण पटांगणात चार-पाचशे माणसे बसणार. तिथे त्या पेटीचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचणार नव्हता.

"सर, याला माइक लावता येईल का?" ती विचारत आली. त्यातून आमचा पंधरा दिवसांचा एक प्रयोगच सुरू झाला. तो जसा घडला तसा येथे देतो; चुकांसकट. कारण खरी गंमत चुकांतच होती.

पेटीतून नाद कसा निघतो?

नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडा. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तार इतकी बारीक असते, की ती हवेला कापत जाते, ढकलत नाही. पण तीच तार घोडीवरून नेली की तिचे कंप घोडीतून पेटीच्या झाकणात उतरतात. झाकण तळहाताहून मोठे. ते हवेला चांगले ढकलते, आणि आवाज मोठा होतो.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लोक चिरुटाच्या रिकाम्या लाकडी पेट्यांना दांडा आणि तारा लावून गिटार बनवीत. विकतचे वाद्य परवडत नसे, पण पेटी फुकट मिळे. आपल्याकडची एकतारी आणि तुणतुणे हेही याच जातीचे. आणि आमच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेत ही कला केवढ्या उंचीला गेली आहे हे तुम्हांला ठाऊकच असेल. तेथील शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्ये बनवू लागले. भोपळ्याचा तुंबा आणि लाकूड यांतून तयार होणाऱ्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

आमच्या पेटीचे मोजमाप सांगतो. ३ मि.मी. जाडीचे प्लायवूड, पेटी २५ से.मी. लांब, १८ से.मी. रुंद आणि ८ से.मी. खोल. तारेचा वाजणारा भाग ६० से.मी. आणि तार पाव मि.मी. जाडीची, पोलादी. सेकंदाला २०० कंप होतील अशी ती चढवली, तर तिच्यात सुमारे सव्वादोन किलो वजनाइतका ताण येतो. म्हणून दांडा पेटीला नुसता चिकटवून भागत नाही. तो पेटीच्या आरपार न्यावा लागतो. आमचा पहिला दांडा रात्रीतून उखडून आला होता, हे सांगायला हरकत नाही!

दाबले की वीज

साधा माइक हवेतले कंप टिपतो. तो पेटीसमोर धरला तर पेटीबरोबर डफ, टाळ्या आणि प्रेक्षकांतल्या पोरांची रडारड असे सगळेच टिपेल. आम्हांला हवा होता फक्त पेटीचे कंप टिपणारा कान. असा कान मिळतो, आणि तो चहाच्या एक-दोन कपांच्या किमतीत मिळतो. मेणबत्तीसारखा प्रकाश दाखवून खेळण्यातून, गजराच्या घड्याळातून किंवा बिघडलेल्या बझरमधून शोधा. पितळेची एक पातळ चकती आणि तिच्यावर पांढुरक्या चिनी मातीसारखी दुसरी लहान चकती दिसेल. हीच दाबविद्युत चकती. दुकानदार तिला 'पिझो' म्हणतात. ग्रीक भाषेत 'पिएझेन' म्हणजे दाबणे.

१८८० साली फ्रान्समध्ये झाक क्यूरी आणि पिएर क्यूरी या विशीतल्या दोन भावांना आढळले, की काही स्फटिक दाबले तर त्यांच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर विद्युतभार जमा होतो. गारगोटीच्या जातीचा क्वार्ट्झ, तुरमळी, पुष्कराज यांच्याबरोबर त्यांनी उसाच्या साखरेचे स्फटिकही तपासले होते. होय, तीच साखर, जिच्यासाठी आमच्या भागात हिवाळाभर उसाच्या गाड्या धावतात! पुढच्याच वर्षी उलट परिणामही सापडला. स्फटिकाला विद्युतदाब दिला तर तो किंचित आखडतो किंवा फुगतो.

तुमच्या घरात याचे दोन पुरावे असतात. शेगडी पेटवायचा लायटर 'टक्' करतो तेव्हा आत एक लहान हातोडी दाबविद्युत ठोकळ्यावर आपटते आणि हजारो व्होल्टांची ठिणगी उडते. क्वार्ट्झ घड्याळात उलटे घडते: विजेने स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते.

आमच्या चकतीत स्फटिक नसून शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भाजून केलेले मृत्तिकाद्रव्य असते. पितळेची चकती वाकली की वरचे द्रव्य ताणले जाते किंवा दाबले जाते, आणि भार निर्माण होतो. बझरमध्ये विजेने चकती हलते. आम्ही तीच चकती उलट कामाला लावली. झाकण हलले की वीज मिळवायची.

शिराळा म्हटले की नागपंचमी आठवते, म्हणून एक गोष्ट सांगतो. नागाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतले कंप त्याच्या खालच्या जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात. हवेतले खालच्या पट्टीचे आवाजही त्याला काही प्रमाणात कळतात, पण पुंगीपुढे तो डोलतो तो मुख्यतः तिच्या हालचालीमुळे. आमची चकतीही नागासारखीच. ती लाकडाला चिकटून ऐकते.

चकती बसवताना

साहित्य थोडेच लागते: २७ मि.मी. व्यासाची चकती, जाळीचे आवरण असलेली बारीक तार, ध्वनिवर्धकाच्या खाचेत बसणारी पिन, सोल्डर आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी.

जाळीचे टोक पितळेला आणि आतल्या तारेचे टोक पांढऱ्या चकतीवरील चांदीच्या मुलाम्याला जोडायचे. येथे घाई हवी! सोल्डरची तापलेली इस्त्री मुलाम्यावर दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका. फार तापले तर मुलामा उचलला जातो, आणि चकतीतील दाबविद्युत गुणही कमी होतो. कारण कारखान्यात जोराचा विद्युतदाब देऊन तिच्यातील सूक्ष्म कणांना एका दिशेला वळवलेले असते. उष्णतेने ती शिस्त मोडते. आमची पहिली चकती अशीच गेली. पुढच्या वेळी आम्ही आधीच तारा जोडलेल्या चकत्या आणल्या. फुटलेली चकती घासू किंवा कुटू नका. तिच्यात शिसे असते. हात धुवा.

चकती नेमकी कोठे लावायची? याचे उत्तर पुस्तकात शोधू नका, पेटीला विचारा. आम्ही पट्टीने चकती झाकणाच्या आतल्या बाजूला चार ठिकाणी लावून पाहिली. घोडीच्या थेट खाली आवाज मोठा, पण कर्कश. झाकणाच्या कडेला आवाज क्षीण, कारण कड पेटीला खिळलेली असते, ती हलणार कशी? झाकणाच्या अगदी मध्यावर आवाज घुमारेदार, पण ध्वनिवर्धक लगेच किंचाळायला लागे. घोडीपासून अडीच से.मी. सरकून बसवली तेव्हा मेळ जमला. मग ती डिंकासारख्या कडक होणाऱ्या गोंदाने पक्की केली. पट्टी मऊ असते. ती बारीक कंप गिळते.

पहिली तक्रार: घुर्र

पिन बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकात घातली आणि खोलीभर घुर्र असा आवाज पसरला. हा आवाज घरातल्या विजेचा. ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट वाहते, आणि भिंतीतल्या तारांभोवती तिचे क्षेत्र पसरलेले असते. चकतीची तार ॲन्टेनासारखी ते पकडते. विद्यार्थिनीने पितळेला हात लावला तर घुर्र वाढली. येथेच चूक सापडली. आम्ही जोडणी उलटी केली होती. पितळ, म्हणजे मोठा उघडा भाग, आतल्या तारेला जोडला गेला होता. जोडणी बदलली, चकतीवर कागद ठेवून त्यावर ॲल्युमिनियमची चांदी लावली आणि ती जाळीला जोडली. घुर्र जवळजवळ गेली.

काही जण हीच जोडणी वाजवायच्या पोलादी तारेलाही करतात. त्याने घुर्र आणखी कमी होते खरी, पण भिंतीच्या विजेवर चालणारा ध्वनिवर्धक सदोष असेल तर वादकाच्या बोटाला जीवघेणा धक्का बसू शकतो. म्हणून आम्ही ते केले नाही, आणि ध्वनिवर्धकही बॅटरीवरचाच वापरला. चार्जर लावलेला असताना वाजवायचे नाही, हा आमचा नियम होता. तुम्हीही पाळा.

दुसरी तक्रार: पोट बोलत नाही

आता आबांना बोलावले. त्यांनी तार छेडली, मान एका बाजूला केली, पुन्हा छेडली. म्हणाले, "पोरी, तार बोलतिया, पर पोट बोलत न्हाई. ह्यो पत्र्याचा आवाज हाय."

वाद्य हाती न धरणारा आवाज मोठा झाला की खूश होतो. वाजवणारा तसा नसतो. आबांच्या बोलण्यात नेमके निदान होते: वरचे कंप येत होते, खालचे गळत होते. पण का?

चकती म्हणजे दोन धातूंच्या थरांमध्ये एक विद्युतरोधक. म्हणजेच ती एक धारित्र आहे. आमच्या चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड होती. झाकण हलले की तिच्यावर भार जमतो. पण ध्वनिवर्धकाच्या माइकच्या खाचेत आत एक रोध असतो, आणि भार त्यातून वाहून जात राहतो. जणू बुडाला छिद्र असलेली घागर. ती किती वेळात रिकामी होते हे रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर ठरते. रोध १०,००० ओहम धरला, तर:

१०,००० × ०.०००००००२ = ०.०००२ सेकंद.

तारेचा मूळ स्वर सेकंदाला २०० कंपांचा, म्हणजे एक कंप ०.००५ सेकंदाचा. घागर त्याच्या पंचविसाव्या हिश्श्यात रिकामी होऊ पाहते! संथ कंपांचा भार जमण्याआधीच गळतो. वेगवान कंपांना मात्र गळायला वेळच मिळत नाही. ज्या कंपनसंख्येखाली गळती जाणवू लागते ती काढण्याचे सूत्र सोपे आहे:

कंपनसंख्या = ०.१५९ ÷ (रोध × धारिता)

आमच्यासाठी ०.१५९ ÷ ०.०००२ = सुमारे ८००. हिशेब केला तर २०० कंपांच्या मूळ स्वराचा जेमतेम चौथा हिस्सा पोचत होता, आणि २,००० कंपांच्या वरच्या सुराचा नऊ-दशांशाहून जास्त. आबांचे 'पोट' वहीत आकड्यांनी सापडले.

दोन उपाय

पहिला उपाय छिद्र लहान करण्याचा. विद्युत गिटारसाठी केलेल्या ध्वनिवर्धकाच्या खाचेत साधारण १० लाख ओहम रोध असतो. सूत्रात घाला: गळती ८ कंपांच्या खाली जाते, म्हणजे ऐकू येण्याच्या पलीकडे. असा ध्वनिवर्धक नसेल तर चकती आणि माइकची खाच यांच्यामध्ये एका क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरचे छोटे मंडल ठेवतात. आमच्याजवळ यांतले काहीच नव्हते.

दुसरा उपाय त्या मुलीनेच सुचवला. "सर, छिद्र तेवढंच ठेवून घागरीऐवजी रांजण घेतला तर?" अगदी बरोबर! चकतीला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचे, म्हणजे १०० नॅनोफॅरडचे धारित्र जोडले. एकूण धारिता १२० झाली, सहापट. पाणी तेवढेच, भांडे सहापट. म्हणून पातळी, म्हणजे विद्युतदाब, सहाव्या हिश्श्यावर आली. पण रांजण रिकामा व्हायलाही सहापट वेळ लागतो. गळतीची सीमा ८०० वरून १३३ कंपांवर उतरली. आता मूळ स्वर आणि वरचे सूर जवळजवळ बरोबरीने पोचू लागले.

विद्युतदाब कमी झाल्याचे दुःख करायचे कारण नव्हते. उलट फायदाच झाला. माइकची खाच काही मिलिव्होल्टांची अपेक्षा करते. आमची चकती तार जोराने छेडली की त्याच्या कितीतरी पट देत असे, आणि आवाज फाटत असे. सहावा हिस्सा झाल्यावर फाटणे थांबले. एका धारित्राने दोन रोग बरे केले.

आणखी काही बिघाड

आवाजच येत नसेल तर बहुमापी घ्या. व्होल्टच्या सर्वांत लहान मापावर ठेवून चकतीवर हलकी टिचकी मारा. आकडा उडी मारत असेल तर चकती जिवंत आहे, दोष तारेत किंवा पिनेत शोधा. रोधाच्या मापावर चकतीने अतिशय मोठा रोध दाखवला पाहिजे. शून्य दाखवला तर कोठेतरी जाळी आतल्या तारेला टेकली आहे.

धपधप आणि खरखर येत असेल तर तो दोष नव्हे. लाकडाला चिकटलेला कान पेटीवर टेकलेले बोट, बांगडी आणि हलणारी तार हे सगळेच ऐकतो. तार पेटीच्या आत दोऱ्याने बांधून टाका आणि वादकाला हाताची जागा ठरवून द्या.

ध्वनिवर्धक किंचाळत असेल तर हे चक्र ओळखा: कर्ण्याचा आवाज पेटीला हलवतो, पेटी चकतीला, चकती पुन्हा कर्ण्याला. पेटी कर्ण्यापासून दूर आणि पाठमोरी ठेवा. पेटीत फडक्याचा एक बोळा सैलसर ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. आमच्या पेटीत आबांच्या जुन्या फेट्याचा तुकडा आहे.

करून पाहा

१. चकती बहुमापीला जोडून टेबलावर ठेवा. तिच्यावर हळू दाबा, दाबून धरा, मग सोडा. दाबून धरल्यावर आकडा शून्याकडे का येतो? सोडताना चिन्ह का बदलते?

२. समांतर धारित्र ०.०४७ आणि ०.२२ मायक्रोफॅरडचे घेतले तर गळतीची सीमा कोठे येईल? आधी सूत्राने काढा, मग कानाने पडताळा.

३. एकाऐवजी दोन चकत्या समांतर जोडल्या तर धारिता किती होईल? दोन्ही चकत्यांची जोडणी एकमेकींच्या उलट झाली तर काय ऐकू येईल?

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी आबांनी पुन्हा तार छेडली. या वेळी ते लवकर काही बोललेच नाहीत. नातीने विचारले, "आबा, पत्र्याचा येतोय का अजून?" त्यांनी खुंटी किंचित पिळली, कान लावला आणि म्हणाले, "न्हाई. आता पोट बोलाया लागलं. पर कातड्याचा आवाज त्यो कातड्याचाच."

हेही खरेच आहे. प्लायवूडचे झाकण कातड्यासारखे कसे वाजेल? दुसऱ्या दिवशी पोवाडा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पण आता त्या मुलीने घरच्या तुणतुण्याला नवे कातडे चढवायचे ठरवले आहे. तुणतुण्यात तर तार कातड्यातूनच निघते. मग त्याला चकती कोठे लावायची? नळकांड्याच्या लाकडाला, की कातड्याला? चकतीच्या वजनाने कातड्याचा नाद बिघडेल का? आम्ही वही उघडून ठेवली आहे. तुमच्या घरात खुंटीला तुणतुणे असेल, तर तुम्हीही उघडा.